चुकण्याचा हक्क : शम्मन, लैला आणि नादिरा

कथा-कादंबरीतील मुस्लिम स्त्री हा विषय निघाला की आपल्याकडील चर्चा बहुधा ठरलेल्या वळणाने जाते. बुरखा, तलाक, सवत, अर्धवट सुटलेले शिक्षण अशी प्रश्नांची यादी पुढे येते. हे प्रश्न खोटे आहेत असे कुणी प्रामाणिक माणूस म्हणणार नाही. परंतु प्रश्नांची यादी म्हणजे माणूस नव्हे. यादीतला प्रश्न सांगून झाला की ती बाई कथेतून निघून जाते. तिला काय खायला आवडत होते, कुणाचा हेवा वाटत होता, कोणत्या गोष्टीची लाज वाटत होती, हे वाचकाला कळतच नाही.

'ओळख' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी येतो. दुसऱ्याने आपल्याला ओळखणे ही एक ओळख आणि आपण स्वतःला ओळखणे ही दुसरी. उर्दूतल्या 'पहचान'चेही तसेच आहे. मुलीच्या वाट्याला बहुतेक वेळा पहिलीच ओळख आधी येते. ती अमक्याची मुलगी असते, तमक्याची बहीण असते, पुढे कुणाची तरी सून होते. मुस्लिम मुलीच्या बाबतीत यात आणखी एका ओळखीची भर पडते. उंबऱ्याबाहेर पाऊल टाकताच ती एका समाजाची प्रतिनिधी होते. तिने केलेली चूक तिच्या एकटीची राहत नाही. घरात ती खानदानाची चूक होते आणि घराबाहेर कौमची.

माझ्या मते तरुण स्त्रीच्या स्वत्वशोधाची कादंबरी खरी उतरते की नाही याची कसोटी इथे आहे. लेखिका आपल्या नायिकेला चुकू देते का? चुकल्यावरही तिला कादंबरीच्या केंद्रस्थानी राहू देते का? की ती चुकली म्हणून शिक्षा किंवा चुकत नाही म्हणून शाबासकी, एवढाच तिचा उपयोग? या प्रश्नाच्या उजेडात तीन कादंबऱ्या वाचून पाहायच्या आहेत. इस्मत चुगताई यांची उर्दू 'टेढी लकीर', अत्तिया हुसेन यांची इंग्रजी 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' आणि सारा अबूबकर यांची कन्नड 'चंद्रगिरिय तीरदल्लि'. तिन्ही लेखिका मुस्लिम घरांतल्या, तिन्ही नायिका तरुण. मात्र वर्ग वेगळा, भाषा वेगळी आणि चुकण्याची मुभाही वेगवेगळी. यांपैकी पहिल्या कादंबरीजवळ अधिक थांबावे लागेल, कारण हा प्रश्न तिने सर्वांत खोलवर नेला आहे.

आई-बाप असलेली अनाथ

इस्मत चुगताई (१९१५–१९९१) हे नाव घेतले की लोकांना 'लिहाफ' आठवते. १९४२ साली प्रसिद्ध झालेल्या या कथेवर लाहोरच्या न्यायालयात अश्लीलतेचा खटला चालला. कथेत अश्लील म्हणता येईल असा शब्दच दाखवता न आल्याने तो टिकला नाही. खटला संपला, परंतु शिक्का काही पुसला गेला नाही. पुढे पन्नासेक वर्षे मुंबईत राहून कथा, कादंबऱ्या आणि चित्रपटांसाठी लिहिणाऱ्या या लेखिकेला 'लिहाफवाली' म्हणूनच ओळखले गेले, याची त्यांना स्वतःलाही खंत होती. त्या शिक्क्यामागे जी मोठी कृती झाकली गेली ती १९४०च्या दशकाच्या मध्यावर आलेली 'टेढी लकीर'. स्त्री जन्मत नाही, घडवली जाते, हा विचार सिमोन द बोव्हार यांनी १९४९मध्ये ग्रंथरूपाने मांडला. त्याच्या आधीच काही वर्षे उत्तर हिंदुस्थानातल्या एका मुस्लिम घरातली मुलगी कशी घडते, आणि कशी बिघडते, हे इस्मत आपांनी कादंबरीतून दाखवले होते.

कादंबरीची नायिका शमशाद, म्हणजे शम्मन. आधीच मुलाबाळांनी गजबजलेल्या घरात ती जन्माला येते आणि तिच्या येण्याने कुणाला आनंद होत नाही. घरात लग्नकार्याची गडबड, त्यात हे आणखी एक मूल. आई थकलेली, वडील दूर. घरात दारिद्र्य नाही, मारझोड नाही, दुष्ट सावत्र आई नाही. फक्त या मुलीसाठी कुणाकडे जागा उरलेली नाही. लेखिकेने ही कादंबरी आई-वडील हयात असूनही अनाथ असलेल्या मुलांना अर्पण केली आहे. त्या अर्पणपत्रिकेतच कादंबरीचे सूत्र आहे.

शम्मनला दूध पाजायला ठेवलेली अन्ना ही तिची पहिली आई. या अन्नाचा एक प्रियकर आहे, हे उघडकीस येते आणि तिला घरातून काढून टाकतात. मोठी माणसे नीतीचा निवाडा करून मोकळी होतात, परंतु त्या निवाड्यात एका तान्ह्या मुलीची आई हिरावली गेली, हे कुणाच्या गावीही नसते. मग मंझू ही बहीण तिला जवळ करते. तिला घासूनपुसून न्हाऊ घालते, शिस्त लावते, मारतेही. शम्मनला तो मारही चालतो, कारण मारणारा हात तिच्यासाठी वेळ काढतो आहे. पुढे मंझूचे लग्न होते आणि दुसरी आईही जाते. त्यानंतर विधवा झालेली बडी आपा माहेरी परतते. तिच्यासोबत तिची मुलगी नूरी येते. नूरी गोड, आज्ञाधारक, बिनबापाची म्हणून सगळ्यांची लाडकी. शम्मनला उठता-बसता तिचा दाखला दिला जातो. नूरी चांगली म्हणून शम्मन वाईट, असा घराचा साधा हिशोब.

हा सारा भाग वाचताना लक्षात येते की इस्मत आपा शम्मनची बाजू मांडत नाहीत. शम्मन ओरबाडते, चावते, मातीत लोळते, मत्सराने जळते. तिच्याबद्दल लगेच माया वाटावी अशी कसलीच सोय लेखिका करत नाही. आपल्याकडे दुःखी मुलीचे चित्रण करताना तिला आधी सोशिक आणि निरागस करण्याची पद्धत आहे. तशी केली म्हणजे वाचकाचे डोळे पाणावतात. इथे मुलगी हट्टी आहे, घाणेरडी आहे, तरीही वाचक तिला सोडू शकत नाही. लेखिकेचा तिच्यावर केवढा विश्वास आहे ते यातून दिसते.

भाषेचाही इथे विचार करायला हवा. या कादंबरीची उर्दू दरबारातली नाही, मुशायऱ्यातलीही नाही. ती जनानखान्यातल्या बायकांची, 'बेगमाती जबान' म्हणतात ती. शिव्याशाप, म्हणी, टोमणे, बाळंतपणाचे आणि स्वयंपाकघराचे शब्द यांनी ती भरलेली आहे. पुरुषांनी जिला साहित्याची भाषा मानले नव्हते त्या भाषेत एका मुलीचे मन उलगडते. ओळखीचा शोध इथे भाषेपासूनच सुरू होतो. दुसऱ्याच्या सभ्य भाषेत शम्मन कधीच सापडली नसती.

एकेक दार

शाळा आणि वसतिगृहाचा भाग हा कादंबरीचा दुसरा टप्पा. चरण या शिक्षिकेच्या ठायी शम्मनचा जीव इतका गुंततो की तिच्या जगात दुसरे कुणी उरत नाही. पुढे त्या शिक्षिकेला शाळा सोडावी लागते. रसूल फातिमा ही खोलीतली मुलगी शम्मनच्या मागे लागते, तेव्हा शम्मनला तिची किळस येते. आणि मग नजमासाठी ती स्वतः तशीच वेडी होते. ज्या भुकेचा तिने दुसरीत तिरस्कार केला तीच भूक तिला स्वतःत सापडते. किशोरवयातल्या मुलींचे एकमेकींकडे ओढले जाणे लेखिकेने कुठलाही गाजावाजा न करता, कुणालाही दोषी न ठरवता लिहिले आहे. 'लिहाफ'वर तुटून पडलेल्यांनी ही पाने शांतपणे वाचली असती, तर लेखिकेला सनसनाटीत रस नव्हता हे त्यांना कळले असते.

मिशन कॉलेजात आल्यावर जग रुंदावते. हिंदू, ख्रिश्चन मैत्रिणी येतात, राजकारण येते, चर्चा येतात. प्रेमा या मैत्रिणीच्या घरी शम्मन जाते आणि तिच्या वडिलांवर, रायसाहेबांवर, तिचे मन बसते. ते तिला मुलीसारखीच मानत असतात. हे प्रेम काय आहे, हे शम्मनला कळत नाही, वाचकाला मात्र कळते. आपल्या घरात ज्या बापाची नजर तिच्यावर कधी ठरली नाही, तो बाप ती दुसऱ्याच्या घरात शोधते आहे. आल्मा ही वर्गमैत्रीण लग्नावाचून आई होते, आणि स्वातंत्र्याच्या गप्पा मारणाऱ्या तरुणांपैकी कोण किती पाण्यात आहे ते उघड होते. पुढे इफ्तिखार भेटतो. राजकारणात वावरणारा, आजारी, त्यागाच्या वलयातला तरुण. शम्मन त्याला जपते, मदत करते. आणि एके दिवशी त्याची बायको समोर उभी राहते आणि कळते की अशी मदत करणारी शम्मन एकटी नव्हती.

शिक्षण, नोकरी, विचार, चळवळ हे सुधारणावादी कादंबरीचे ठरलेले मुक्काम. मुलगी शिकली, आपल्या पायावर उभी राहिली, की तिला तिची ओळख मिळाली, असे आपण मानतो. इस्मत आपा स्वतः शिकलेल्या, शिक्षिका आणि मुख्याध्यापिका झालेल्या, पुरोगामी लेखक चळवळीत वावरलेल्या. त्यांना शिक्षणाचे मोल कळत नव्हते असे नाही. तरीही शम्मन मुख्याध्यापिका होते तेव्हा तिला समाजोद्धाराच्या नावाखाली चाललेला कारभार दिसतो, आणि पुरोगामी मंडळींत जाते तेव्हा त्यांच्यातली पोकळ बडबडही दिसते. आपल्या माणसांवर असा उजेड टाकणे सोपे नसते. प्रत्येक दारातून शम्मन आशेने आत जाते आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याने ठरवलेली ओळख तिच्या हाती ठेवली जाते. घरात ती वाईट मुलगी होती. शाळेत ती कुणाची लाडकी झाली, राजकारणात कुणाची कामाची बाई आणि शाळेच्या कारभारात व्यवस्थापकाच्या सोयीची बाई. तिला मात्र कुणीतरी आपल्याला नीट पाहावे, एवढेच हवे होते.

म्हणून 'बंडखोर स्त्रीची कादंबरी' हे वर्णन मला अपुरे वाटते. बंडखोराला आपण कशाविरुद्ध आहोत हे ठाऊक असते. शम्मनला ते ठाऊक नाही. तिची रेघ वाकडी झाली ती विचारांनी नव्हे, उपासमारीने. ज्या झाडाला एकाच बाजूने ऊन मिळते ते त्या बाजूला वाकते. त्याला कुणी बंडखोर म्हणत नाही. परंतु हेही तितकेच खरे की वाकडी असली तरी ही रेघ तिची स्वतःची आहे. नूरीची रेघ सरळ आहे, पण ती दुसऱ्याने पट्टी लावून ओढलेली.

शेवटचा टप्पा आणि एक आक्षेप

अखेरच्या भागात शम्मन रॉनी टेलर या आयरिश तरुणाशी लग्न करते. गोऱ्यांच्या नजरेत तो घसरलेला, हिंदुस्थान्यांच्या नजरेत ती. दोघांमध्येही राज्यकर्ता आणि गुलाम ही भिंत उभी राहते. प्रेमाचे बोलणे वादावादीवर येते, वादावादी अपमानांवर. अखेर तो युद्धावर निघून जातो, आणि त्यानंतर शम्मनला कळते की आपल्याला दिवस गेले आहेत. कादंबरी इथे संपते.

कादंबरीचा हा भाग आधीच्या भागांच्या तोडीचा उतरलेला नाही, असे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. बालपण आणि वसतिगृह यांत प्रत्येक भाव अंगाला भिडतो, वास आणि स्पर्श यांनी कळतो. रॉनीच्या प्रकरणात मात्र पात्रे एकमेकांशी बोलण्याऐवजी दोन देशांची वकिली करू लागतात. रॉनी हा शेवटपर्यंत माणूस होत नाही, तो एक मुद्दा राहतो. जी चूक इतरांनी शम्मनबाबत केली तीच इथे लेखिका रॉनीबाबत करते, असे म्हणायला जागा आहे.

शेवटाबद्दल दोन मते संभवतात. एवढी धडपडलेली मुलगी अखेर मातृत्वाशीच येऊन थांबली, म्हणजे जुन्याच चौकटीत परतली, असा आक्षेप घेता येतो आणि तो सहज झटकण्यासारखा नाही. परंतु कादंबरीची सुरुवात आठवून हा शेवट वाचला की वेगळे काही दिसते. ज्या मुलीचे येणे कुणालाच नको होते, ती आता येणाऱ्या जिवाची वाट पाहते आहे. नवरा नाही, घर नाही, समाजाची मान्यता तर नाहीच. या मुलाला 'नकोसे' म्हणायचे की 'हवेसे', हे ठरवणारी ती एकटी आहे. कुणी तरी आपल्याला ओळखावे म्हणून आयुष्यभर दारोदार फिरलेली मुलगी प्रथमच ओळख देणाऱ्याच्या जागी उभी राहते. मला हा शेवट परतीचा वाटत नाही. तो पूर्ण समाधानाचाही नाही, आणि लेखिकेने तसा आव आणलेला नाही.

लैलाचे घर

अत्तिया हुसेन (१९१३–१९९८) यांची कादंबरी १९६१ साली लंडनहून प्रसिद्ध झाली. तिची पार्श्वभूमी लखनौच्या तालुकदार घराण्याची आहे. लैलाचे आई-वडील वारलेले. आजोबा बाबाजान यांच्या 'आशियाना' या वाड्यात आत्यांच्या छायेत ती वाढते. शम्मन अनाथ नसून अनाथ आहे, लैला खरोखर अनाथ असून प्रेमाला मुकलेली नाही. अबिदा फूफींचे तिच्यावर मनापासून प्रेम आहे आणि हेच तिचे बंधन आहे. प्रेम न मिळालेल्या मुलीला तोडायला फारसे काही नसते. प्रेम मिळालेल्या मुलीला प्रत्येक पाऊल उचलताना कुणाला तरी दुखवावे लागते.

कादंबरीच्या सुरुवातीलाच झहराच्या लग्नाचा विचार चाललेला असतो. तिच्याविषयीच्या या बोलण्याच्या वेळी झहराही तिथे असावी, असा आग्रह अबिदा फूफी धरतात, आणि घरातल्या पुरुषाला तो अचंबा वाटतो. मुलीचे आयुष्य ठरायचे, पण मुलगी तिथे नसायची. पुढे स्वतः अबिदा फूफींचे लग्न एका विधुराशी लावून दिले जाते आणि दुसऱ्यांसाठी बोलणारी ही बाई स्वतःसाठी शब्द काढत नाही. बाबाजान गेल्यावर हमीद काकांचे राज्य येते. ते आधुनिक, इंग्रजी रीतीचे. पडदा जातो, दिवाणखान्यात नवे सामान येते, परंतु हुकूम हुकूमच राहतो. जुन्या घरातली आज्ञा आणि नव्या घरातली आज्ञा यांत मुलीच्या दृष्टीने किती फरक असतो, हा प्रश्न अत्तिया हुसेन फार मृदू आवाजात विचारतात, म्हणून तो अधिक टोचतो.

लैला पुस्तके वाचते, विचार करते, मनातल्या मनात वाद घालते, पण तोंडाने क्वचितच बोलते. तिचे पहिले ठाम बोलणे स्वतःसाठी नसते. घरच्या धोब्याची मुलगी नंदी हिच्यावर नीतिमत्तेच्या नावाने हात उचलला जातो, तेव्हा लैला मध्ये पडते. मला हा प्रसंग कादंबरीचा कणा वाटतो. नंदीला जे चुकल्याची शिक्षा म्हणून मिळते ते वाड्यातल्या पुरुषांना कधीच मिळत नाही, हे तिला त्या क्षणी दिसते. चुकण्याच्या हक्कालाही वर्ग असतो, लिंग असते, हे तिला समजते. पुढे ती आपल्या पसंतीने अमीरशी लग्न करते, घराण्याची नाराजी ओढवून घेते. अमीर युद्धात जातो आणि परत येत नाही. एक लहान मुलगी पदरात राहते. फाळणीत घर दुभंगते. चुलतभावांपैकी सलीम पाकिस्तानात जातो, कमाल इथेच राहतो. अनेक वर्षांनी लैला ओसाड झालेल्या 'आशियाना'मध्ये येते, खोल्या-खोल्यांतून हिंडते. घराने दिलेली ओळख आता घरासकट नाहीशी झाली आहे. जिने त्या ओळखीशी आयुष्यभर झगडा केला तिलाच तिच्यासाठी हळहळ वाटावी, हे अत्तिया हुसेन यांनी लपवलेले नाही. या प्रामाणिकपणामुळेच लैला केवळ जुन्या वैभवाच्या आठवणी काढणारी बेगम होत नाही.

नादिराला वेळच मिळाला नाही

शम्मन आणि लैला यांच्याकडे पुस्तके होती, कॉलेज होते, पैसाही होता. 'चंद्रगिरिय तीरदल्लि'ची नादिरा या जगातली नाही. सारा अबूबकर (१९३६–२०२३) यांची ही कादंबरी १९८४ साली पुस्तकरूपाने आली. कासरगोडच्या बाजूला चंद्रगिरी नदीच्या काठावरच्या गरीब मुस्लिम वस्तीत ती घडते. नादिराचे लग्न, तिचा तलाक आणि पुन्हा नवऱ्याकडे जाण्याची अट, यांतली एकही गोष्ट तिच्या हातात नाही. बापाचा हट्ट आणि पैशाचा व्यवहार यापायी एक बरा चाललेला संसार मोडला जातो. तिचा नवरा रशीद तिला परत घ्यायला तयार आहे, तिलाही जायचे आहे, लहान मूल आहे. परंतु त्याआधी तिने एका रात्रीपुरती दुसऱ्या पुरुषाची बायको झाले पाहिजे, असे तिला सांगितले जाते. त्या रात्री नादिरा मशिदीच्या तळ्यात जीव देते.

शाहबानो खटल्याचा निकाल १९८५चा. त्याच्या आधीच एका मुस्लिम लेखिकेने, आपल्याच वस्तीत उभे राहून, हे लिहिले होते याची नोंद घेतली पाहिजे. या लेखनासाठी त्यांना विरोध आणि मनस्तापही सोसावा लागला. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ साली एका दमात दिलेला तीन तलाक अवैध ठरवला, २०१९ साली कायदा झाला. तेव्हा 'नादिराचा प्रश्न सुटला, आता ही कादंबरी जुनी झाली' असे कुणी म्हणेल. परंतु नादिराला मारणारी गोष्ट केवळ कायद्यात नाही. तिला कुणी विचारले नाही, ही ती गोष्ट आहे. बापाने विचारले नाही, जमातीने विचारले नाही. 'तुला काय हवे?' हा प्रश्न ज्या मुलीला आयुष्यात एकदाही विचारला गेला नाही ती स्वत्वाचा शोध कुठून सुरू करणार?

साहित्यकृती म्हणून पाहिले तर नादिरा शम्मनइतकी भरीव नाही. ती बरीचशी सोशिक आणि निर्दोष आहे. लेखिकेला एका अन्यायाची साक्ष द्यायची आहे आणि साक्षीदाराने निष्कलंक असावे लागते. मला यात दोष दाखवण्यापेक्षा परिस्थितीची सक्ती दिसते. शम्मनला चुकायला वर्षे मिळाली, लैलाला घुटमळायला मिळाली. नादिराने एक पाऊल चुकीचे टाकले असते तरी तिच्या बाजूने कुणी उभे राहिले नसते. म्हणून तिच्या लेखिकेनेही तिला चुकू दिले नाही. तिचा पहिला स्वतंत्र निर्णय हाच तिचा शेवटचा निर्णय ठरतो. एका मुलीला 'मी' म्हणण्यासाठी मरावे लागते, यापेक्षा कठोर टीका त्या व्यवस्थेवर काय असू शकते?

आपल्या मराठीत

मराठी वाचकाला तरुण स्त्रीच्या स्वत्वशोधाची कथा नवी नाही. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ साली आले तेव्हा समाज खवळला होता, आणि बाळूताई खरे यांना विभावरी शिरूरकर या टोपणनावाआड राहावे लागले होते. उर्दूत त्यानंतर काही वर्षांनी इस्मत चुगताई स्वतःच्या नावाने लिहू लागल्या, तेव्हा हे लेखन तिचा भाऊ अझीम बेग चुगताईच नाव बदलून करतो आहे, असा संशय काही वाचकांना आला होता. एकीला नाव लपवावे लागले, दुसरीचे नाव खरे मानले गेले नाही. मराठी आणि उर्दू यांचे हे बहिणपण आपण फारसे लक्षात घेतलेले नाही.

पण त्यानंतर मराठी कथेतली तरुणी पुढे गेली. गौरी देशपांडे, सानिया यांच्या नायिका चुकतात, घर सोडतात, परत येतात, त्याबद्दल कुणाची माफी मागत नाहीत. मराठी मुलखात, मराठी शाळेत शिकलेली मुस्लिम मुलगी मात्र आपल्या कथेत त्या मानाने फार कमी दिसते. हमीद दलवाई यांची 'इंधन' (१९६५) ही कोकणातल्या मुस्लिम जीवनाची महत्त्वाची कादंबरी, पण तिथे कथन पुरुषाचे आहे. दलवाईंनीच १९६६ साली मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. इतिहासाने त्या मोर्चाची नोंद 'सात महिला' अशी ठेवली. त्या सातजणींपैकी एकेकीची कहाणी सांगणे हे कथा-कादंबरीचे काम होते, आणि ते पुष्कळसे राहून गेले आहे.

का राहिले? एक कारण आपल्यावरच्या दोन अपेक्षांत आहे. बाहेरचा वाचक मुस्लिम लेखिकेकडून दुःखाची अपेक्षा करतो. तिने आपल्या घरातला काळोख दाखवावा, म्हणजे तो हळहळायला मोकळा. आतला वाचक तिच्याकडून इभ्रतीची अपेक्षा करतो. वातावरण आधीच कलुषित, त्यात आपल्याच मुलीने घरातले बाहेर का सांगावे? ही दुसरी भीती खोटी आहे असे मी म्हणणार नाही. दंगलीनंतरच्या मोहल्ल्यात राहणाऱ्याला ती अनाठायी वाटणार नाही. परंतु दोन्ही अपेक्षांचा परिणाम एकच होतो. कथेतली मुलगी एकतर बिचारी होते, नाहीतर आदर्श होते. बिचारी चुकू शकत नाही, कारण तिच्या हातात काही नसते. आदर्श मुलीला तर चुकण्याची परवानगीच नसते. दोघींनाही मन नसते.

खरे तर आपल्याकडची मुलगी किती गुंतागुंतीची आहे! घरात दखनी किंवा कोकणी बोलते, शाळेत मराठी निबंधाला पहिले बक्षीस मिळवते, अरबी हरफ गिरवते, मैत्रिणीच्या घरच्या हळदीकुंकवाला जाते. 'मुसलमान असून मराठी किती छान बोलतेस' हे कौतुक ऐकून ती हसते आणि तेच कौतुक रात्री तिला बोचते. तिला आपल्या अम्मीचा राग येतो आणि अम्मीविषयी कुणी बोलले तर त्याचाही राग येतो. मराठवाड्यातल्या, कोकणातल्या आपल्या बायकांच्या तोंडी असलेली भाषा, त्यांचे कोसणे, त्यांच्या लग्नगाण्यांतली टिंगल, ही बेगमाती जबानीइतकीच धारदार आहे. ती मराठी कथेत आली तर मराठीच श्रीमंत होईल. या मुलीला समस्येचे उदाहरण करायचे ठरवले की हे सगळे गळून पडते.

नव्याने लिहिणाऱ्या आपल्या मुलींना 'टेढी लकीर'कडून घेण्यासारखे आहे ते धाडस विषयाचे नाही. धाडसी विषय आता बाजारातही विकतात. घेण्यासारखी आहे ती शम्मनकडे पाहण्याची नजर. ती मत्सरी आहे, उद्धट आहे, प्रेमात वारंवार फसते, कधी क्रूरही होते, आणि तरीही लेखिका तिची लाज बाळगत नाही, तिची कैफियतही देत नाही. आपली एखादी सलमा, एखादी रुबीना कथेत खोटे बोलेल, मैत्रिणीचा घात करेल, नमाज चुकवेल किंवा घरच्यांच्या इच्छेविरुद्ध बुरखा घालेल, नको त्या माणसावर जीव लावेल, आणि हे वाचून कुणी 'मुस्लिम मुली अशा असतात का?' असे न विचारता 'ही मुलगी अशी का झाली?' असे विचारेल, तेव्हा तिला तिची ओळख मिळू लागली असे म्हणता येईल. तो प्रश्न विचारणारा वाचक तयार करणे हे जितके लेखिकांचे काम आहे तितकेच ते आपणा समीक्षकांचे आणि संपादकांचेही आहे.